एक नंबरची चूक

आमच्या गावाला कालव्याचं पाणी कायम शेवटी यायचं, म्हणून मी पत्रकं लिहायला शिकले. नेवासा तालुक्यातली आमची चारी म्हणजे कालव्याची शेपटी. सरकारी कागदावर आम्ही 'टेलचे लाभधारक'. लाभ कसला, ते कागदालाच ठाऊक. वरचे हेडवाले स्वतःचं रान भिजवून, पाहुण्यांचं भिजवून, वर रस्ताही भिजवून झाला की उरलेलं आमच्याकडे सोडायचे. त्यात चपलेचा तळ ओला व्हायचा. बारावीत मी पहिलं पत्रक लिहिलं: 'आधी टेलला पाणी, मग हेडशी बोलणी!' यमक जुळलं. पाण्याचं जुळायला पुढं आणखी बरीच पत्रकं लागली.

त्या भांडणात एक शब्द माझ्या डोक्यात पक्का बसला, शेजपाळी. पाणी टेलपासून सुरू करायचं आणि ओळीनं एकेक रान घेत वर हेडकडे यायचं. कोणाला वगळायचं नाही, कोणी मधे घुसायचं नाही. इतका सरळ न्याय मी दुसऱ्या कुठल्या खात्यात पाहिला नाही. कागदावर, अर्थात.

हे सगळं आठवायचं कारण पाणी नाही, कॉम्प्युटर आहे.

शिक्षण झाल्यावर मी नगरपासून थोड्या अंतरावरच्या एका कॉलेजात सिस्टीम सांभाळायला लागले. कंत्राटी. तिथं संशोधनासाठी एक क्लस्टर होता. क्लस्टर म्हणजे लोखंडी मांडणीत एकावर एक रचलेली आणि वायरींनी एकमेकांना बांधलेली आठ मशिनं. एकट्या मशीनला कित्येक महिने लागतील असं गणित ही आठ जणं वाटून घेतात. खोलीला एसी होता. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कॉलेजातली सर्वांत लोकप्रिय खोली तीच. निम्मे लोक संशोधनाला यायचे, निम्मे गारव्याला.

वापरायची पद्धत अशी, की पद्धतच नव्हती. ज्याला पाहिजे त्यानं लॉगिन करायचं आणि आपला प्रोग्रॅम सोडून द्यायचा. पाच जणांनी एकदम सोडले की पाचांचीही कामं रांगायची. मग लोकांनी एसटीतला उपाय काढला. स्टँडवर गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, अगदी तसं. काहीच न करणारा, नुसती सगळी मेमरी अडवून बसणारा एक प्रोग्रॅम सोडून द्यायचा. स्वतःचं खरं काम तयार झालं की चार दिवसांनी येऊन त्या जागेवर बसायचं. मी या प्रकाराला रुमालच म्हणायचे. एकदा मोजले, तर आठपैकी पाच मशिनांवर नुसते रुमाल होते.

लॅबमधले मामा, म्हणजे आमचे लॅब अटेंडंट, नोकरीत माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं काढलेले. त्यांनी भिंतीवर एक फळा टांगला होता, 'आज कोणाचा नंबर'. त्यावर सगळ्यात वर विभागप्रमुख सरांचं नाव होतं.

"मामा, हे नाव कधी पुसलं जातं?"

"पुसतो की म्याडम. पन ते आपोआप उमटतं."

या सगळ्यात चिरडली जात होती ती ताई. ताई पीएचडी करत होती. पाथर्डीकडची. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, आणि ही वसतिगृहात राहून शिकत शिकत इथवर आलेली. तिचा विषय बाजरीतलं एक प्रथिन. कडक उन्हात बाजरीचं पीक तग कसं धरतं, त्या वेळी या प्रथिनाची घडी कशी उलगडते, ते ती कॉम्प्युटरवर करून बघत होती. त्या गणिताला चार मशिनं आणि सलग नऊ दिवस लागायचे. तिच्या प्रोग्रॅमला मधूनच पुढं चालू करायची सोय नव्हती. तुटला की परत पहिल्यापासून.

तो तीनदा तुटला होता. तिसऱ्यांदा तर सहाव्या दिवशी. कोणालातरी मशीन हळू वाटलं, म्हणून त्यानं बटण दाबून बंद-चालू केलं. कोणी? कोणीच नाही! असं काही झालं की कॉलेजात नेहमीच कोणीच नसतं.

ताईची मुदत एकदा वाढवून झाली होती. आता परत मिळणार नव्हती. महिनाअखेरीला प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, इतकी वर्षं पाण्यात. आणि ही बाई शांतपणे डबा खात बसलेली.

"ताई, तुला राग येत नाही का गं?"

"येतो की. पन रागानं प्रोग्रॅम चालतोय व्हय? शेंगदाण्याची चटणी घे."

मी चटणी घेतली आणि तिच्या वाटणीचा रागही. सरांकडे अर्ज केला: क्लस्टरवर शेड्युलर बसवायची परवानगी द्या. शेड्युलर म्हणजे मशिनांचा पाटकरी, पाटाचं पाणी पाळीनं सोडणारा असतो ना, तसा. लोकांनी थेट मशिनांना हात लावायचा नाही, पाटकऱ्याकडे मागणी नोंदवायची. किती मशिनं, किती दिवस, कशासाठी. तो रांग लावणार आणि पाळी आली की काम सोडणार. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. डोकं तेवढं आपलं घालावं लागतं.

सरांनी अर्ज वाचला. सर म्हणजे पन्नाशीचे, कमी बोलणारे, आणि बोलले की टाचणी लावणारे.

"म्हणजे मलाही रांगेत उभं राहावं लागणार?"

"हो सर."

"बरं," म्हणाले आणि सही केली. मी भांडायची पूर्ण तयारी करून गेले होते. ती तशीच परत घेऊन आले, जरा हिरमुसूनच.

बसवायला आठवडा गेला. आठही मशिनांवर एकच गुप्त किल्लीची फाईल ठेवावी लागते, म्हणजे ती एकमेकांना ओळखतात. सहा नंबरच्या मशीनवर ती फाईल मी सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवली, तर सॉफ्टवेअर अडूनच बसलं: किल्ली उघड्यावर आहे, मी कामाला लागणार नाही. मला त्याचा बाणा आवडला. सात नंबरचं मशीन मात्र काही केल्या रांगेत येईना. दीड दिवस डोकं आपटल्यावर कळलं की त्याचं घड्याळ अकरा मिनिटं मागं होतं, आणि घड्याळं जुळली नाहीत तर ही मशिनं एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत.

"अकराच मिन्टं?" मामा म्हणाले. "एवढ्यासाठी रुसलं? आमच्या गावाकडच्या यष्टीपुढं तर हे लई वक्तशीर."

मग मी नियमावली लिहिली आणि दारावर चिकटवली. मोठ्या अक्षरात, पत्रकासारखीच, कारण मला दुसरं काही लिहिता येत नाही. रुमाल टाकणं बंद. कोणाच्याही कामाला दहा दिवसांपेक्षा जास्त पाळी नाही. सुरू झालेली पाळी कोणीही, कोणत्याही कारणानं मधेच मोडणार नाही. ज्याचं काम तोच मागं घेऊ शकेल. आणि शेवटी ठळक: पाळी टेल टू हेड! म्हणजे आधी संशोधक विद्यार्थी, मग प्राध्यापक, सर्वांत शेवटी विभागप्रमुख.

लोक कुरकुरले. "आता मशीनलाही अर्ज करायचा का?" एकजण म्हणाला. मी म्हटलं, "पाण्याला सात नंबरचा फॉर्म भरतोस ना? मग हाही भर."

ही उतरंड मशीनला आकड्यांत सांगावी लागते. प्रत्येक गटापुढे अग्रक्रमाचा आकडा टाकायचा. मी विद्यार्थ्यांपुढे एक टाकला, प्राध्यापकांपुढे दहा, आणि विभागप्रमुखांपुढे, मोठ्या समाधानानं, शंभर. कित्येक वर्षांत कोणत्याही फाईलमध्ये इतका न्याय कोणी टाइप केला नसेल, असं मला त्या वेळी वाटलं होतं.

सोमवारी सकाळी रांग सुरू झाली. ताईच्या हातात तेव्हा सतरा दिवस होते. नऊ दिवस प्रोग्रॅमचे, तीन-चार आलेख, छपाई आणि बाइंडिंगचे. भरपूर. सगळ्यांनी कामं नोंदवली. ताईनं एक, सरांनी दोन, बाकीच्यांनी आपापली. मी बटण दाबलं.

सरांची दोन्ही कामं सुरू झाली. चार मशिनं एकाला, चार दुसऱ्याला. मुदत दहा-दहा दिवस. ताईचं काम रांगेत थांबलं.

मी जरा चपापले. पण रांग दाखवणाऱ्या तक्त्यात ताईच्या नावापुढे, कारणाच्या रकान्यात, एक शब्द झळकत होता: प्रायॉरिटी.

"बघ ताई! तुला प्रायॉरिटी दिलीय त्यानं. सरांचं बहुतेक काहीतरी छोटं असेल, ते सुटलं की तूच."

"मग सुरू का व्हईना?"

"अगं, नवं आहे. जरा धीर धर."

मंगळवारी प्रायॉरिटी. बुधवारी प्रायॉरिटी. ताई दर तासाला तक्ता बघायची. गुरुवारी सकाळी मात्र तिनं डबा उघडलाच नाही. "असू दे गं," म्हणाली. "नशिबातच टेल हाय."

बस्स! ते वाक्य मी गावात हजार वेळा ऐकलंय आणि दर वेळी त्याच्यानंतर पत्रक लिहिलंय. माझा हिशोब साफ होता. मशिनांचा सगळ्यात मोठा पासवर्ड पूर्वी सरांच्या केबिनमध्येच असायचा. तो बदलायचं माझ्याकडून राहिलं होतं. म्हणजे कोणीतरी आत शिरून रांग फिरवली. कोणी, ते सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

"म्याडम, पन सर तर सोमवारीच गेलेत की," मामा म्हणाले. "पुतणीचं लग्न हाय संगमनेरला."

"मामा, सर लग्नाला गेलेत. पासवर्ड नाही गेला."

मामांनी फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा आणायला गेले.

दुपारी दारावर माझं पत्रक लागलं. 'संशोधक विद्यार्थी बंधू-भगिनींनो! रांग लावली आपण, रांग मोडली कोणी? टेलचं पाणी पिणारे हेडवाले आता मशिनांपर्यंत पोहोचले! ज्यांनी नियमावर सही केली त्यांनीच नियम गिळला! जाब विचारा!' खाली माझं नाव, मी निनावी लिहीत नाही. फोटो काढून विभागाच्या ग्रुपवरही टाकला. सात अंगठे आले. एक फुलांचा गुच्छ आला. तो चुकून असावा.

शुक्रवारी सकाळी सर आले. मामा निरोप घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहराच सांगत होता. मी ताईला बरोबर घेतलं. साक्षीदार म्हणून.

"या," सर म्हणाले. "पाणी पिणार? हेडचं आहे."

मी उभीच राहिले. "सर, मी लिहिलंय ते मागं घेणार नाही. आधी रांग कशी फिरली ते सांगा."

"तेच विचारायला बोलावलंय. आकड्यांची फाईल दाखवा."

मी लॅपटॉप उघडला. त्यांनी चष्मा वर केला, पडद्याजवळ गेले, आणि बराच वेळ माझ्या न्यायाकडे बघत राहिले.

"हे शंभर म्हणजे मी?"

"हो."

"आणि हा एक म्हणजे ही?"

"हो. पहिला नंबर."

"तुमच्या गावात पहिला नंबर म्हणजे किती?"

"एक," मी म्हटलं. "सगळ्याच गावांत एक."

"या मशीनचं गाव वेगळं आहे," सर म्हणाले. त्यांनी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. जितका आकडा मोठा, तितकं काम आधी. खालीच दुसरी ओळ होती: कारणाच्या रकान्यात 'प्रायॉरिटी' दिसलं तर समजावं, की दुसऱ्यांचा अग्रक्रम जास्त असल्यामुळे हे काम अडलेलं आहे.

एसी नसलेल्या त्या केबिनमध्ये मला थंडी वाजली. वर्गात पहिला नंबर एक. कुस्तीत पहिला नंबर एक. मिसळ चांगली झाली तर 'एक नंबर!' कोणी 'शंभर नंबर' म्हणतं का? मी टेलला एक दिला आणि मशीननं इमानेइतबारे टेलला टेलवरच ठेवलं. कुठंही घुसखोरी नव्हती. हेडला पाणी मी स्वतःच्या हातानं सोडलं होतं, आणि पत्रकही मीच काढलं होतं.

ताई माझ्याकडे बघत होती. तिनं नुसतं विचारलं, "मग आता किती दिस राहिले?"

तेरा. सरांची कामं आणखी सहा दिवस चालणार. म्हणजे ताईला सात उरणार, आणि लागणार नऊ.

मी आकडे उलटे केले. त्यानं ताई रांगेत पहिली आली, पण रांगेत पहिली असून उपयोग नव्हता, मशिनं मोकळी नव्हती. आणि चालू पाळी मोडायची नाही, हा नियम माझाच, दारावर माझ्याच अक्षरात. तो मी ताईसाठीच घातला होता. मोडायचे अधिकार माझ्या हातात होते. एक आज्ञा, की सरांचं काम खलास. पण तसं केलं असतं तर बटण दाबून गायब होणाऱ्या त्या 'कोणीच नाही'त आणि माझ्यात फरक काय राहिला असता?

मागायला जायचं ते ज्याला काल चोर म्हटलं त्याच्याकडेच. आणि तो समोरच बसलेला.

मी पत्रकांत कधीच न लिहिलेला शब्द वापरला. "सर, चुकलं. माझं चुकलं. पण ताईचं काम अडलंय. तुमचं एक काम मागं घ्याल का?"

सरांनी चष्मा पुसला. माझ्या दृष्टीनं फारच सावकाश.

"चार दिवस चाललंय ते. परत पहिल्यापासून करावं लागेल. पुढच्या महिन्यात परिषदेला पाठवायचं होतं मला."

"हो सर."

"कसं मागं घेतात? मला येत नाही. तुम्ही हात लावू नका, तुमचाच नियम आहे. मला फक्त सांगा."

मी आज्ञा सांगितली. त्यांनी एका बोटानं एकेक अक्षर शोधत ती टाइप केली. काम पुसलं गेलं. चार मशिनं मोकळी झाली आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत तक्त्यात ताईचं काम चालू झालं.

"माझं काय," सर म्हणाले. "मी पर्मनंट आहे."

इतकं खरं वाक्य त्या कॉलेजात मी पुन्हा ऐकलं नाही. त्यावर एक वेगळं पत्रक होऊ शकतं, पण ती वेळ नव्हती. मी दारावरचं पत्रक काढायला निघाले, तर त्यांनी थांबवलं.

"काढू नका. खाली दुरुस्ती लिहा. तेवढ्याच मोठ्या अक्षरात."

लिहिली. 'दुरुस्ती: रांग मोडणारे हात माझेच होते. मशीनला एक लहान आणि शंभर मोठे असतात. सरांनी काहीही केलेलं नाही. उलट स्वतःचं काम मागं घेतलं.' खाली नाव. ग्रुपवर फोटोही टाकला. या वेळी तेवीस अंगठे आले. लोकांना दुसऱ्याची माफी फार आवडते. मामांनी पत्रक दोनदा वाचलं, मग फळ्यावरचं सरांचं नाव ओल्या फडक्यानं घासलं. गेलं. परत उमटलं नाही.

एक मात्र सांगून टाकते, कारण ते अजून माझ्या पोटात आहे. चूक माझी, कबूल. पण मोठ्या आकड्याला आधी हात द्यायचा, हे ज्यानं कोणी ठरवलं तो टेलचा नव्हता.

पुढचे नऊ दिवस मी त्या खोलीत पाहुण्यासारखी वावरले. मशिनांच्या बटणांवर मामांनी पुठ्ठ्याची झाकणं चिकटवली. एक दिवस दुरुस्तीसाठी लाईट जाणार होती, तर सरांनी कॉलेजच्या जनरेटरची जोडणी आधीच खोलीकडे वळवून ठेवायला लावली. ताई रोज यायची, तक्ता बघायची आणि डबा उघडायची. नवव्या दिवशी रविवार होता. दुपारी तिचा फोन आला. वसतिगृहातून ती मोबाईलवर बघत होती. आवाज बारीक.

"अगं, माझं नाव रांगेतून गेलं."

"गेलं म्हणजे? तुटलं?"

"न्हाई गं. संपलं. पुरं झालं. फाईल आली."



उरलेल्या चार दिवसांत आलेख झाले, छपाई झाली, बाइंडिंगवाल्यानं पहिल्या प्रतीवर शीर्षक उलटं चिकटवलं, तेही सरळ झालं. शेवटच्या दिवशी प्रबंधाची पिशवी घेऊन आम्ही दोघी विद्यापीठाकडे निघालो. नगरच्या पुणे स्टँडवर ही गर्दी. गाडी लागायच्या आधीच लोक तिच्याबरोबर पळत होते. मी शिस्तीत दाराशी रांग लावा म्हणून ओरडत होते. कोणी ऐकत नव्हतं.

आत चढले तर ताई बसलेली. शेजारची सीट रिकामी, आणि त्यावर तिचा निळा रुमाल.

"ताई!"

"खिडकीतून टाकला," ती म्हणाली. "तुझी नियमावली कॉलेजात. बस खाली, प्रबंध मांडीवर घे."

मी रुमाल उचलला, घडी घातली आणि बसले.